सभेपुरतं कुंकू

आमचं गाव संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. महाराष्ट्र नवा होता आणि पंचायत समित्या त्याहून नव्या. आमच्या समितीचे सभापती आमच्याच गावचे, त्यामुळे गावाची मान जरा ताठ असायची. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता, शिळं का होईना पण वर्तमानपत्र यायचं, अकोल्याहून आणि मुंबईहून पाहुणे यायचे. सकाळी आंघोळ करून साहेब ओट्यावर बसत आणि बशीनं चहा पीत. खाली दहा-वीस माणसं उकिडवी बसलेली असत. साहेब म्हणत, "रशिया आपला दोस्त हाय." दुपारपर्यंत रशिया हॉटेलात पोचायचा, दिवस कलताना विहिरीवर. आणि जेवताना घरोघरचा कर्ता पुरुष बायकोला सांगायचा, "मी तं आधीच म्हणत होतो, रशियासारखा दोस्त नाई." रशिया कुठे आहे असं विचारलं असतं तर निम्म्यांनी बऱ्हाणपूरकडे बोट दाखवलं असतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा चीनची लढाई होऊन गेली होती. बायका मला सांगायच्या, की त्याआधी गाव चिन्यांना भाऊ म्हणायचं. मग एका सकाळी साहेब ओट्यावर वेगळं बोलले आणि त्याच दुपारपासून गाव चिन्यांना आयमाय काढून शिव्या द्यायला लागलं. मधल्या वेळात गावानं एकही चिनी पाहिला नव्हता. मी माहेरी सातवी पास झालेली, तोंडानं जरा फटकळ. मला या गोष्टीचं फार हसू यायचं.

नवरा फौजेत होता. सासरे कधीच वारलेले. घरात सासू आणि मी, आणि बटईनं, निम्म्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेलं थोडं शेत. लग्नानंतर तो दोनदाच सुट्टीवर आला. तेवढ्यात माणूस किती कळणार? त्याला भाकरीबरोबर कच्चा कांदा लागायचा, झोपेत तो दात खायचा, आणि मी मोठ्यानं काही वाचून दाखवलं की भिंतीला टेकून ऐकत बसायचा. मला तो आवडला होता. त्या काळी हे बोलायची लाज वाटायची, आता वाटत नाही.

पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा कपाशी कमरेला आली होती. साहेबांनी गावात ब्लॅकआउट पाळायला लावला. आमच्या गावात वीजच नव्हती. पण चिमण्या विझवून आम्ही अंधारात जेवलो, आणि विमानं आमचा अंधार बघून परत गेली असतील अशी चर्चा दुसऱ्या दिवशी झाली. मग रेडिओनं सांगितलं, की आपल्या फौजेनं काश्मिरातली एक खिंड घेतली. साहेबांनी गूळ वाटला. माझ्या वाट्याचा खडा मी पदराला बांधून ठेवला, कारण नवरा त्याच बाजूला होता.

थोड्याच दिवसांत तार आली. इंग्रजीत होती, म्हणून शाळेच्या गुरुजींना बोलावलं. त्यांनी ती आधी मनात वाचली, परत वाचली आणि म्हणाले, "बेपत्ता हाय म्हणते. खिंडीच्या लढाईनंतर सापडला नाई."

सासू म्हणाली, "सापडला नाई म्हणजे शोधून राह्यले ना, गुरुजी?"

"हाव माय. शोधून राह्यले."

तेवढ्यावर सासूनं स्वतःला सावरलं. आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. तोवर त्याच्या बायकोचं कुंकू पुसत नाहीत. सासू रोज सकाळी मला निरखून बघायची आणि माझं कुंकू बारीक दिसलं की म्हणायची, "ठसठशीत लाव पोरी. त्याले तिकडं कळते." ती स्वतः तरुणपणी विधवा झालेली होती. रितं कपाळ म्हणजे काय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग एका दुपारी साहेबांची जीप आमच्या दारात थांबली. साहेब आत आले, बाजेवर बसले, पाणी प्यायले.

"माय, तालुक्याले मोठी सभा हाय. सूनबाईले मंचावर न्याव लागते."

सासू म्हणाली, "न्या ना भाऊ. सातवी शिकली हाय, बोलन बी."

साहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि ते जरा अडखळले. "बेपत्ता हा शब्द सभेत चालत नाई, माय. लोकाईले वाटते पोरगा पळून गेला."

सासूचा चेहरा उतरला. तिनं हळूच विचारलं, "भाऊ, तुमाले वरून काई कळलं काय?"

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली मान घातली. तोंडानं ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. भादव्यातलं ऊन होतं, ते उन्हातून आले होते, घामही आला असेल. पण आमच्याकडे परक्याच्या घरात पुरुष टोपी काढतो ती मयतीलाच. साहेबांसारखा माणूस आपल्या घरात बोडका बसलाय हे सासूनं पाहिलं आणि तिला जे समजायचं ते समजलं. ती ओरडली नाही. उठली, माझे दोन्ही हात धरून मला उंबऱ्याशी नेलं आणि माझ्या बांगड्या उंबऱ्यावर आपटून फोडल्या. मग माझ्या कपाळावरून तिनं पदर फिरवला. मी म्हणत होते, "आत्याबाई, कोणी सांगतलं? कोणी सांगतलं तुमाले?" तिला ऐकूच येत नव्हतं. आणि साहेब बाजेवर बसून होते. त्यांनी एक शब्द बोलून हे थांबवलं असतं तर थांबलं असतं. त्यांचा त्या दिवशी मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

सभेला मी रितं कपाळ घेऊन गेले. साहेब घरी आमच्यासारखं बोलायचे, पण मंचावर चढले की पुण्याचं बोलायचे. "या वीरपत्नीच्या साक्षीनं सांगतो, एक इंचही भूमी परत दिली जाणार नाही!" समोर हजारभर हात वर झाले. मला सांगितलेलं वाक्य होतं, "माझ्या मालकांनी रक्त सांडून घेतलेली खिंड परत देऊ नका." मी ते म्हटलं, आणि लोक ओरडायला लागले तसं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. वाक्य साहेबांचं होतं, पण राग माझा होता. मला त्या क्षणी खरोखर वाटत होतं, की ती खिंड माझी आहे. नवरा गेला, बांगड्या गेल्या, निदान खिंड तरी राहू द्या.

त्यानंतर मी खिंडीची बाई झाले. जीप यायची, मी बसायचे. जळगावला सभा झाली, वरवटला झाली, शेगावला तर मंदिराला आलेली माणसंही थांबली. मला शाल द्यायचे, नारळ द्यायचे. बायका लांबूनच हात जोडायच्या, कारण विधवेच्या फार जवळ येणं त्यांना बरं वाटत नसे. गावात शिरलं की माणसं वाट सोडून उभी राहायची. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता, आणि एवढं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसांत आमच्याकडे येणारी म्हातारी बांगड्यावाली यायची बंद झाली. मुसलमान होती, बाजाराच्या गावाहून डोक्यावर पेटी घेऊन यायची. तालुक्यात निम्म्या बायकांचे हात तिनं भरलेले. साहेबांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं, फक्त एका सभेत "घरातल्या हेरांपासून सावध राहा" एवढं म्हणाले होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती आली तर एकीनंही दार उघडलं नाही. तिला सातपुड्याच्या पलीकडचं ठाऊक नव्हतं, पाकिस्तान कुठलं ठाऊक असणार! गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ती परत गेली. मीही माझ्या दारातून पाहिलं, पण मला आता बांगड्यांचं कामच नव्हतं.

कापूस वेचायला आला. एकदा वेचताना शेजारणीला मी सहज म्हटलं, "काय गं, कैदेत बी असतीन ते. बेपत्ता म्हणजे कैदेत बी असू शकते ना?"

ती वेचायची थांबली. "असं बोलू नको माय. शहीद हाय तो. कैदेत गेला म्हणलं तं हात वर केले असं होते ना. साहेब एवढं सांगतेत, अन् तू त्याची इज्जत घालवतं?"

बाई वाईट नव्हती. माझ्या दुःखात तिनं महिनाभर मला भाकरी आणून दिली होती. पण त्या दिवशी मला कळलं, की आपला नवरा जिवंत असावा असं वाटणं ही आता त्याची बदनामी आहे. घरात तर बोलायची सोयच नव्हती. सासूनं स्वतःच्या हातानं बांगड्या फोडल्या होत्या. तो जिवंत असेल म्हटलं, तर तिनं काय केलं असं झालं असतं? मी कोंडल्यासारखी झाले. आशा करायची तर कुठे बसून करायची हाही प्रश्न होता. मी ती रानात जाऊन करायचे, हागणदारीच्या वाटेवर करायचे आणि घरी येताना पुसून टाकायचे.

मग पौषात करार झाला. दूर रशियात बसून ठरलं, की दोन्ही फौजा मागे जातील आणि खिंड परत दिली जाईल. करार करून आपले पंतप्रधान तिथेच वारले. गाव आधी त्यांच्यासाठी रडलं, आणि रडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की खिंडीबद्दल आता काय म्हणायचं ते कोणी सांगितलेलंच नाही. साहेब दोन दिवस ओट्यावर आलेच नाहीत. गावाची फार पंचाईत झाली. हॉटेलात माणसं नुसती कापसाच्या भावावर बोलत होती. कोणी खिंडीचं नाव काढलं, की दुसरा म्हणायचा, "पाहू ना, काय होते ते." आपल्याला काय वाटतं ते कळायला सगळे साहेबांच्या बंद दाराकडे बघत होते.

तिसऱ्या सकाळी दार उघडलं. साहेब ओट्यावर बसले, बशी तोंडाला लावली आणि म्हणाले, "लढाई काय कोनीबी करते. शांतता कराले छाती लागते." जेवणवेळेपर्यंत गावाचा जीव भांड्यात पडला. "मी तं आधीच म्हणत होतो, लढून काय भेटते?" मला वाटलं, आता यांना माझी गरज उरली नाही, मी सुटले. पण चार दिवसांनी जीप परत दारात.

साहेब या वेळी बसले नाहीत. अंगणात उभ्या उभ्या म्हणाले, "सूनबाई, तालुक्याले शांततेची सभा हाय. कैदी परत येऊन राह्यले. तुमचे मालक बी यातीन, असं लोकाईले वाटलं पाह्यजे. शहिदाच्या बाईनं खिंड देऊन टाका म्हणलं तं लोक चिडतीन. पण वाट पाहणारी बाई म्हणली, तं कोन काय बोलन?"

"साहेब, तुमीच तं शहीद म्हणले ना?"

"तवा लढाई होती," साहेब म्हणाले. मग आवाज खाली करून, "कुकू लावून या. सभेपुरतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आतून सूप पडल्याचा आवाज आला. सासू दारात उभी होती. जवारी घरभर झाली होती आणि ती हसत होती. रडतही होती. "कुकू लाव म्हणते गं साहेब! म्हणजे वरून कळलं असन त्याईले!"

"आत्याबाई, सभेपुरतं म्हणले ते."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. साहेबांच्या पायावर जाऊन पडली. साहेबांनी तिला उठवलं, "अवो माय, अवो माय," एवढंच म्हणाले आणि घाईनं जीपमध्ये बसले. मला अजून आशा होती, की गाव मला वाचवेल. एकदा पुसलेलं कुंकू परत लावायचं म्हटल्यावर जाणत्या बायका अडवतील, अपशकुन म्हणतील, मला शिव्या देतील. त्या आल्या, पण हळदीची वाटी घेऊन. लांबून हात जोडणाऱ्या बायका आता माझ्या गळ्यात पडत होत्या. साहेब म्हणतात म्हणजे मी सवाष्ण.

साहेबांच्या माणसानं त्या म्हाताऱ्या बांगड्यावालीला बोलावून आणलं. एवढ्या महिन्यांनी तिला गावात बोलावणं आलं होतं. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. "हात ढिला सोड, बेटी." पहिली बांगडी मनगटापर्यंत आणून तिनं अगदी हळू विचारलं, "खबर आली का गं?"

मी म्हटलं, "नाई."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहिलं, आणि मग बांगडी वर चढवली. तिलाही पुढच्या बाजाराच्या दिवशी या गावात यायचं होतं.

सभेत मी म्हटलं, "शांतता झाली म्हणून माझे मालक घरी येतील." आवाज फुटत नव्हता. लोकांना वाटलं लाजतेय. पुढच्या रांगेत तीच माणसं होती, तेच फेटे, तीच शाळेची पोरं. मी मंचावरून एकेक चेहरा शोधत होते. कोणीतरी उठून विचारावं, बाई, भादव्यात तू काय म्हणाली होतीस आणि आज काय म्हणतेस? मला त्याचा राग आला नसता, मी त्याचे पाय धरले असते. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पहिल्या वेळेइतक्याच. साहेबांच्या बायकोनं मंचावर माझी ओटी भरली.

कैदी खरोखरच परत आले. रेडिओवर सांगत होते. आमच्या जिल्ह्यात कोणाकडे आला, कोणाकडे नाही, कानावर यायचं. आमच्याकडे कोणी आलं नाही. पाडवा गेला. सासू रोज मोटारीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसायची आणि धूळ खाऊन परत यायची. वखरणी झाली, उन्हं भाजायला लागली, तेव्हा एका दुपारी मी साहेबांच्या घरी गेले. ते ओट्यावर एकटेच होते. मी डोक्यावरचा पदरही सारखा केला नाही.

"साहेब, खरं सांगा. ते हायेत का नाई?"

"मले काय माहीत, सूनबाई?"

"मंग शहीद म्हणून कोनं सांगतलं होतं?"

"कोनी नाई. तवा वरून सांगणं आलं होतं, लोकाईचा जोश कमी होऊ देऊ नका म्हणून."

"अन् कुकू?"

"तवा सांगणं आलं, लोकाईचं मन शांत करा." साहेब माझ्याकडे बघत नव्हते. "मी नाई बोललो तं दुसरा बोलते, अन् माह्यी खुर्ची जाते. मी बी अडकलोच हावो, बाई. दिल्लीले काय वाटते ते मुंबईले वाटते, मुंबईले वाटते ते मले वाटते." मग त्यांनी मान वर केली. त्यांचा आवाज एकदम साधा झाला. "तुमाले काय वाटते? हाय का नाई तो?"

हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं. मला सांगायचं होतं. रानात लपूनछपून केलेली आशा मी आठवून पाहिली, तर तिच्या जागी मला सभेतला माझाच आवाज ऐकू यायला लागला, खिंड परत देऊ नका. तो बाजूला सारला तर दुसऱ्या सभेतला, माझे मालक घरी येतील. दोन्ही माझेच, दोन्ही खरे वाटणारे. त्यांच्या खाली माझं स्वतःचं काही उरलं आहे का हे मी तिथे उभी राहून कितीतरी वेळ बघत होते. मला सापडलं नाही. मी ओट्यावरून उतरले.

सासू अंगणात वाट बघत होती. "काय म्हणले साहेब?"

"माहीत नाई म्हणले."

ती हसली. "तसंच म्हणतीन ते. सरकारी गोष्ट हाय ती. तुले काऊन सांगतीन?"

"अवो आत्याबाई, त्याईले खरंच माहीत नाई!" मी ओरडले. "काईच माहीत नाई त्याईले! तवाबी नोतं!"

तिच्यावर काही परिणाम झाला नाही. ती माझी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "एवढा मोठा मानूस, अन् त्याले माहीत नाई? येडी हायस तू." उन्हातून आल्यामुळे माझं कुंकू घामानं नाकावर ओघळलं होतं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, आतून करंडा आणला आणि आपल्या बोटानं माझ्या कपाळावर कुंकू लावलं. मी हलले नाही. तिला नको म्हणायचं म्हणजे तिच्या पोराला दुसऱ्यांदा मारायचं, ते माझ्यानं झालं नसतं.

बारा वर्षं कधी सरली तेही कोणी बोललं नाही. कुंकू उतरवायची रीत करायची तर घरातल्या वडीलधाऱ्यानं सुरुवात करायची असते, आणि सासू फाट्यावर जात होती. गावाला विचारलं तर गाव म्हणायचं, साहेबांनी भरसभेत सांगितलंय, येणार म्हणून. आता सासू नाही, साहेबही नाहीत. गावात वीज आली, फाट्यावर टपऱ्या झाल्या. कोणाच्या घरी कार्य असलं की सवाष्ण म्हणून पहिलं बोलावणं मला येतं, आणि नव्या सुना माझ्या पाया पडतात. मी बहुधा फार वर्षांपासून विधवा आहे. हे गावात अजून कोणी तोंडानं म्हटलेलं नाही. मीसुद्धा नाही.